वर्षावनाचा धडा : लहान मुलांना काय सांगावे, केव्हा आणि कसे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम शहरात संयुक्त राष्ट्रसंघाची हवामानविषयक तिसावी परिषद भरली. बेलेम हे ॲमेझॉनच्या मुखाजवळचे शहर. जगातील सर्वांत मोठ्या वर्षावनाच्या उंबरठ्यावर भरलेली ही अशी पहिलीच परिषद असल्याने अपेक्षाही मोठ्या होत्या. वर्षावने राखणाऱ्या देशांना दरवर्षी मोबदला मिळावा, यासाठी ब्राझीलने एका कायमस्वरूपी निधीची योजना मांडली. तिला साडेसहा अब्ज डॉलर्सच्या आसपास आश्वासने मिळाली आणि मोबदल्याचा किमान पाचवा हिस्सा मूलनिवासी व स्थानिक समाजांना द्यावा, असेही ठरले. मात्र जंगलतोड थांबविण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा परिषदेच्या अंतिम निर्णयात येऊ शकला नाही. तो आपण स्वतंत्रपणे तयार करू, असे यजमान ब्राझीलला जाहीर करावे लागले.

मोठ्यांच्या परिषदांचे हे असे चालायचेच. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो एका लहान व्यासपीठाचा, म्हणजे प्राथमिक शाळेतील वर्गाचा. पर्यावरण हा विषय शाळांतून शिकविला गेला पाहिजे, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला होता. महाराष्ट्रातील मुले ‘परिसर अभ्यास’ या नावाने हा विषय शिकत आली आहेत. ख्रिस्तसभेने चालविलेल्या शाळांतूनही वर्षावनाची रंगीत भित्तिचित्रे लागतात, पोपट आणि माकडांचे मुखवटे तयार होतात, वार्षिक स्नेहसंमेलनात ‘झाडे वाचवा’ हे नाटुकले सादर होते. हे सारे कौतुकास्पदच आहे. तथापि, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जळणाऱ्या जंगलाविषयी नेमके काय सांगावे आणि ते ऐकून त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शिक्षकांनी आणि पालकांनी तो टाळता कामा नये, असे आम्हांला वाटते.

स्वीडनमधील एका वर्गाची गोष्ट

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर १९८७ साली स्वीडनमधील एका लहानशा ग्रामीण शाळेत मिळाले. एहा केर्न या शिक्षिका आपल्या प्राथमिक वर्गाला वर्षावनाविषयी शिकवीत होत्या. कोस्टा रिकातील मोंतेवेर्दे येथील अरण्यात काम केलेल्या शॅरन किन्समन या जीवशास्त्रज्ञ त्या वर्गात आल्या. त्यांनी तेथील वनाची छायाचित्रे दाखविली आणि ते वन कसे झपाट्याने तोडले जात आहे, हेही सांगितले. तेव्हा रोलांड तिएनसू या नऊ वर्षांच्या विद्यार्थ्याने विचारले की, ते वाचविण्यासाठी आपण काय करू शकतो? वन विकत घेता येईल का?

लहान मुलाच्या अशा प्रश्नावर मोठी माणसे बहुधा हसून विषय बदलतात. या शिक्षिकेने तसे केले नाही. मुलांनी गाणी रचली, नाटुकली बसविली, आपली चित्रे विकली आणि पैसे जमविले. त्या पहिल्या निधीतून मोंतेवेर्दे येथे सुमारे ६ हेक्टर वन विकत घेतले गेले. ही वार्ता पसरली तशी इतर शाळांतील मुलेही पुढे आली आणि अखेरीस ४४ देशांतील मुलांनी या कार्याला हातभार लावला. आज ‘मुलांचे शाश्वत वर्षावन’ या नावाने ओळखले जाणारे ते वन २२ हजार हेक्टरांहून अधिक आहे. आपल्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहून ते मोठे भरेल. कोस्टा रिकातील हे सर्वांत मोठे खाजगी राखीव वन होय. शिक्षिका केर्न आणि विद्यार्थी तिएनसू यांना १९९१ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्काराने गौरविण्यात आले.

या कथेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलांनी पैसे पाठविले, परंतु जमीन परदेशी शाळेच्या नावावर झाली नाही. १९८६ साली स्थापन झालेल्या ‘मोंतेवेर्दे संवर्धन संघ’ या तेथील संस्थेने ती घेतली आणि आजवर सांभाळली. जमिनीचे दस्तऐवज पाहणे, वनरक्षक नेमणे, चोरट्या शिकारीवर लक्ष ठेवणे ही कामे त्या देशातील माणसे वर्षानुवर्षे करीत आली म्हणून ते वन टिकले. देशाचे धोरणही बदलले. १९९६ च्या वनकायद्याने कोस्टा रिकाने वनजमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली आणि वन राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची व्यवस्था केली. एके काळी वनाच्छादन देशाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास घसरले होते. आज ते निम्म्याहून अधिक आहे. मुलांचा उत्साह, स्थानिकांची चिकाटी आणि शासनाचा कायदा या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तेव्हा हे घडले. ही कथा वर्गात सांगताना केवळ पहिला भाग सांगून थांबलो, तर आपण मुलांना अर्धाच धडा देतो.

दुसरी बाजू

ही गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल की, प्रत्येक वर्गाला वर्षावनाच्या विनाशाची कहाणी सांगावी. परंतु याला एक गंभीर आक्षेप घेण्यात आला आहे आणि तो पर्यावरणप्रेमी शिक्षणतज्ज्ञानेच घेतला आहे. अमेरिकेतील डेव्हिड सोबेल यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास असे मांडले की, अगदी लहान मुलांसमोर दूरच्या जंगलांच्या नाशाचे चित्र वारंवार उभे केल्याने त्यांच्यात निसर्गप्रेम जागे होण्याऐवजी निसर्गाविषयी भय निर्माण होते. मूल ज्या संकटाविरुद्ध काहीच करू शकत नाही, त्यापासून ते मन काढून घेते. म्हणून चौथीच्या आधी शोकांतिका नकोत. प्रथम घराजवळच्या ओढ्याशी, झाडाशी, पाखराशी मैत्री जुळू द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे.

आम्हांला हा आक्षेप मोलाचा वाटतो. दूरचित्रवाणीवर आगीच्या ज्वाळा पाहून ‘आता जग संपणार का?’ असे विचारणारी मुले अनेक घरांत आहेत. त्यांना अधिक घाबरवून शहाणे करता येत नाही. मात्र स्वीडनमधील मुलेही याच वयाची होती आणि विनाशाची वार्ता ऐकून ती खचली नाहीत. याचे कारण उघड आहे. त्यांना वनाच्या दुःखाबरोबर एक मार्गही दिसला आणि त्या मार्गावर एक जबाबदार मोठे माणूस त्यांच्या सोबत चालत होते. तेव्हा शोकांतिका सांगावी की नाही, हे केवळ मुलाच्या वयावरून ठरवता येणार नाही. ती सांगितल्यावर आपण मुलासोबत थांबणार आहोत की नाही, हे शिक्षकाने आधी स्वतःला विचारले पाहिजे. इयत्ता पहिली-दुसरीत वनाचे नवल, तिसरी-चौथीत त्याचे कार्य आणि त्यानंतर त्याची हानी व त्यावरील उपाय, असा क्रम आम्हांला सयुक्तिक वाटतो. मधेच मुलाने स्वतःहून प्रश्न विचारला, तर त्याला खरे आणि त्याला पेलेल इतके उत्तर द्यावे.

अर्धसत्यांपासून सावध

वर्षावनाविषयी मुलांना सर्वप्रथम जे वाक्य पाठ करविले जाते ते म्हणजे ‘वर्षावने ही पृथ्वीची फुप्फुसे आहेत’. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनमधील आगींची वार्ता जगभर गेली तेव्हा जगातील वीस टक्के प्राणवायू तेथूनच मिळतो, असे अनेक थोरामोठ्यांनीही म्हटले. वस्तुस्थिती तशी नाही. वनातील वृक्ष दिवसा प्राणवायू सोडतात हे खरे. परंतु त्यांचे स्वतःचे श्वसन आणि पालापाचोळा कुजविणारे असंख्य सूक्ष्मजीव जवळजवळ तेवढाच प्राणवायू वापरून टाकतात. निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास राहते. आपल्याला श्वासासाठी लाभलेला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे व तो जंगल जळाल्याने उद्या संपणार नाही. फुप्फुसांची उपमा काव्य म्हणून ठीक आहे. विज्ञानाचा धडा म्हणून ती शिकवू नये. मूल मोठे होऊन ती खोडून काढते तेव्हा उरलेल्या गोष्टींवरचा त्याचा विश्वासही डळमळतो.

वनाचे खरे कार्य याहून अधिक विस्मयकारक आहे. वर्षावनातील एक मोठा वृक्ष दिवसाला शेकडो लिटर पाणी मुळांनी शोषून पानांवाटे हवेत सोडतो. असे अब्जावधी वृक्ष मिळून ढगांना पाणी पुरवितात. अटलांटिक महासागरावरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, वृक्ष ती पुन्हा आकाशात पाठवितात, ती पुढे सरकून पुन्हा बरसते. या ‘उडत्या नद्या’ अँडीज पर्वताला अडून दक्षिणेकडे वळतात आणि ब्राझीलचा दक्षिण भाग, पॅराग्वे व उत्तर अर्जेंटिना येथील शेतांवर पाऊस पाडतात. मान्सूनच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना हा धडा चटकन समजेल. त्यासाठी महागडे साहित्यही लागत नाही. काचेच्या बरणीत थोडे खडे, कोळसा, माती, शेवाळ आणि नेच्याचे रोप लावून पाणी शिंपडावे व झाकण घट्ट बसवावे. काही तासांत काचेवर थेंब जमतात आणि ओघळून मातीत जातात. वन स्वतःचा पाऊस कसा पाडते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

दुसरे अर्धसत्य चित्रांतून येते. केंब्रिज येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना आपल्या कल्पनेतील वर्षावन रेखाटण्यास सांगितले होते. मुलांनी सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी भरभरून काढले. कीटक व गांडुळे मात्र प्रत्यक्षातील प्रमाणाच्या मानाने फारच थोडी. प्रत्यक्षात ब्राझीलमधील मनाउसजवळच्या वनाच्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार तेथील सर्व प्राण्यांच्या एकूण वजनापैकी जवळजवळ एक तृतीयांश वजन मुंग्या आणि वाळवी यांचे भरते. वर्षावनाची माती बहुतेक ठिकाणी निकस असते. तिचे सारे धन झाडांत साठलेले असते आणि गळालेले पान लगेच कुजवून ते धन पुन्हा मुळांकडे पोचविणारे हे क्षुद्र जीवच असतात. म्हणूनच वन जाळून केलेली शेती काही वर्षांत कस गमावते. वाघ-माकडांच्या मुखवट्यांबरोबर एखादा वाळवीचा मुखवटाही मुलांनी करावा, असे आम्ही सुचवू.

वन तोडतो कोण?

‘दुष्ट लाकूडतोड्या’ हा शालेय नाटुकल्यातील ठरलेला खलनायक. वास्तव इतके सोपे नाही. ॲमेझॉनमधील जंगलतोडीचे सर्वांत मोठे कारण गुरांची कुरणे हे आहे. त्याखेरीज सोयाबीनची लागवड, सोन्याच्या अवैध खाणी, रस्ते आणि जमिनी बळकावण्याचा व्यवहार ही कारणे आहेत. आग्नेय आशियात, विशेषतः इंडोनेशिया व मलेशियात, पाम तेलाच्या मळ्यांसाठी मोठी वने गेली. येथे आपला थेट संबंध येतो. पाम तेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार देश भारत आहे. मुलाच्या डब्यातील बिस्किटात, अंघोळीच्या साबणात, बाहेरून आणलेल्या फरसाणात ते तेल असते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचून ‘पामोलिन’ शोधणे हा चौथीच्या वर्गाला सहज जमणारा अभ्यास आहे.

परंतु येथेही मुलांना अर्धे सांगून थांबू नये. पाम हे दर हेक्टरी इतर कोणत्याही तेलबियांपेक्षा अधिक तेल देणारे पीक आहे आणि त्यावर लाखो लहान शेतकऱ्यांचे पोट आहे. ते तेल सर्वांनी एकदम सोडले, तर दुसऱ्या पिकासाठी अधिक जमीन लागेल. पाम कोठे लावावा आणि कोठे मुळीच लावू नये, हा खरा वाद आहे. २०२१ साली आपल्या केंद्र शासनाने पाम लागवडीची राष्ट्रीय योजना मंजूर केली तेव्हा ईशान्य भारतातील वनांविषयी हीच चिंता व्यक्त झाली. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा विचार कसा करावा, याचे शिक्षण मुलाला अशा उदाहरणांतूनच मिळते.

आकडेवारीचेही तसेच. २०२४ या एका वर्षात उष्ण कटिबंधातील सुमारे ६७ लाख हेक्टर मूळ वन नष्ट झाले. यातील जवळपास निम्म्या हानीला आगी कारणीभूत होत्या. हे भीषण आहे. सुमारे २० ते २५ टक्के वन गेल्यास ॲमेझॉनचा मोठा भाग माळरानाकडे झुकू लागेल, असा इशारा थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दिला आहे आणि सुमारे १७ टक्के वन यापूर्वीच गेले आहे. परंतु दुसरा आलेखही मुलांना काढू द्यावा. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ साली २७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक वन तोडले गेले. २०१२ पर्यंत हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास उतरला. २०२१ मध्ये तो पुन्हा १३ हजारांवर गेला. २०२५ मध्ये ५,८०० च्या खाली आला. उपग्रहांची नजर, कायद्याची अंमलबजावणी आणि राज्यकर्त्यांची इच्छा असेल तर आलेख उतरतो, नसेल तर चढतो. जंगलतोड हे दैव नव्हे, हे पाचवीतील मूलसुद्धा या आलेखावरून ओळखील.

वनात माणसेही राहतात

आपल्या पुस्तकांतील वर्षावनात पिसांचा मुकुट घातलेला एखादा माणूस दिसतो, तोही शोभेपुरता. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तीन कोटींहून अधिक माणसे राहतात व सुमारे ४०० मूलनिवासी समाज नांदतात. त्यांचे ज्ञान किती खोल आहे, याची साक्ष जून २०२३ मध्ये साऱ्या जगाला मिळाली. १ मे रोजी कोलंबियाच्या अरण्यात एक छोटे विमान कोसळले. आईसह सर्व प्रौढ दगावले. परंतु हुइतोतो समाजाची चार भावंडे, थोरली १३ वर्षांची आणि धाकटे तान्हे बाळ, तब्बल ४० दिवस त्या घनदाट वनात जिवंत राहिली. कोणते फळ खावे, कोणते टाळावे हे आजीने शिकविलेले असल्याने हे शक्य झाले, असे त्यांच्या नातेवाइकांनी सांगितले. ज्यांना आपण ‘मागास’ म्हणतो त्यांच्या घरातील प्राथमिक शिक्षण असे होते. आपल्या मुलांना वर्षावनाविषयी शिकविताना ही घटना अवश्य सांगावी.

या माणसांच्या बाजूने उभे राहण्याची किंमत मोठी असते. रबराच्या झाडांवर उपजीविका करणाऱ्यांचे नेते शिको मेंदेस यांची हत्या डिसेंबर १९८८ मध्ये झाली. भूमिहीनांसाठी झटणाऱ्या आणि त्यांच्या मुलांसाठी लहान शाळा उभारण्यास हातभार लावणाऱ्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना १२ फेब्रुवारी २००५ रोजी ब्राझीलमधील अनापू येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी त्या ७३ वर्षांच्या होत्या. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी ॲमेझॉन व काँगो या खोऱ्यांचा नामोल्लेख केला आणि त्याच पत्रात पर्यावरणाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र परिच्छेद दिले. तेथे वनाच्या रक्षणाबरोबरच एक इशाराही आहे. वनरक्षणाच्या नावाखाली बाहेरच्या बड्या आर्थिक हितसंबंधांनी त्या भूमीचा ताबा घेऊ नये. ऑक्टोबर २०१९ मधील ॲमेझॉनविषयक सिनडनेही वनाचा आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकला.

आपल्या दाराशी असलेले वन

दूरच्या वनाचा धडा जवळच्या वनापासून सुरू व्हावा, हे सोबेल यांचे म्हणणे महाराष्ट्राला फार सोयीचे आहे. २०१२ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार स्थळे आहेत. आंबोलीच्या पावसात भिजलेले सदाहरित रान ॲमेझॉनचे दूरचे भावंडच म्हणावे लागेल. भीमाशंकरचे शेकरू आपला राज्यप्राणी. ते झाडांच्या शेंड्यांवर घरटे बांधते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. ‘वृक्षछत्र’ हा शब्द समजावून सांगण्यासाठी याहून चांगला शिक्षक कोणता? झाडे मधेच तोडली तर शेकरू पुढे कसे जाईल, एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहावा. मुले स्वतःच उत्तर शोधतात. गावोगावच्या देवरायांनी तर पिढ्यान्‌पिढ्या वन कसे राखावे, हे बिनपुस्तकी शिकविले आहे. धर्म कोणताही असो, आपल्या मुलांनी तेथे आदराने जावे आणि गावातील वृद्धांना प्रश्न विचारावेत.

शाळांचे व्यवस्थापक, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे आम्ही चार सूचना ठेवतो. एक, येत्या शैक्षणिक वर्षात वर्षावनाचा धडा भित्तिचित्रावर न थांबता एका प्रत्यक्ष वनभेटीशी जोडावा. मग ती तुंगारेश्वरची टेकडी असो वा गावची राई. दोन, रोप लावण्याच्या छायाचित्रापेक्षा ते रोप तीन उन्हाळे जगविण्याला गुण द्यावेत. तीन, निधी गोळा करावयाचा असल्यास तो कोणत्या संस्थेला जातो, जमीन कोणाच्या नावावर राहते आणि तेथील माणसांचे म्हणणे काय आहे, हे मुलांसमोर उघड मांडावे. मोंतेवेर्दे येथील यशाचे मर्म यातच होते. चार, मुलांच्या खांद्यावर मोठ्यांचे ओझे टाकू नये. धोरण बदलणे, मतदान करणे, बाजारातून काय आणावे हे ठरविणे ही कामे आपली आहेत.

दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभा सृष्टीसाठी राखून ठेवते. पावसाळा तेव्हा सरत आलेला असतो आणि सह्याद्रीचे रान अजून हिरवेगार असते. आपल्या धर्मग्रामातील मुलांना रानात नेण्यास तो काळ उत्तम. तेथे त्यांच्यापैकी एखादे मूल ‘हे रान असेच राहावे म्हणून आपण काय करू शकतो?’ असे विचारील. त्या वेळी देण्यास आपल्याजवळ खरे उत्तर असावे, एवढी तयारी आपण मोठ्यांनी तत्पूर्वीच करून ठेवावी.